चार बोटं वर

खालून ढण्ण असा आवाज आला, गाडी वाळूत पोट टेकून बसली आणि माझ्या तोंडून शिवी गेली. शेजारी सासू बसली होती तरी गेली. सासूचं नाव काशीबाई, मी तिला आये म्हणते. आयेचं डोकं समोरच्या काचेवर आपटता आपटता राहिलं. तिने कपाळ चाचपलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मगे? आता उतराचा कसा?" तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून उतरायला एकच वाट आहे, आणि त्या वाटेवर मोडक्या उतरणीची एक काँक्रीटची लादी कड वर करून वाळूत अर्धी गाडलेली आहे. मोटरसायकली तिच्या बाजूने निघून जातात. माझा पिकप जात नाही. खाली, अगदी नजरेसमोर, रापण, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, वाळूवर आली होती, आत बांगडे उड्या मारत होते आणि भाई तांडेल वाटे घालायला उभा राहिला होता. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, कोणाचा वाटा पडणार आणि कोणाचा नाही ते तोच बोलतो. आमची घरघर ऐकून चार-सहा गडी धावत आले, त्यांनी जाळ्याचाच दोर गाडीला मागून बांधला आणि "ओढा रे, मोठो मासो गावलो!" म्हणत गाडी बनात परत खेचली. हसले त्यात त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आये आत बसलेली होती. गाडी मागे मागे जात होती, समुद्र लांब लांब जात होता आणि ती काचेतून सरळ समोर बघत होती, ओठ मिटून. हिला मी भांडताना बघितलंय, रडताना बघितलंय, मासा कापताना बोट कापून घेऊन वर गिऱ्हाइकाशी हसताना बघितलंय, पण असं कधी बघितलं नव्हतं. गाडी सुटेपर्यंत वाटे संपले. संध्याकाळी शेजारची शेवंती स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून आली. "भाईन दिल्यान काकीक," ती म्हणाली. "म्हणालो, काकीचा वय झाला, उगीच कित्याक त्रास. घराकडे पाठवत जाव." आयेने पिशवीत डोकावून बघितलं. बांगडे चांगले मोठे होते, खोटं कशाला बोलू. "मांजरांक घाल," ती मला म्हणाली. "वाळूत गावता तो वाटो. पिशयेतसून गावता ती भीक."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या घरात माशाला काही तोटा नाही, मीच रोज पिकप भरून कुडाळच्या बाजाराला मासे नेते. पण आमच्या रापणीचा जुना रिवाज आहे. वाटे घालताना तांडेल नाव पुकारतो, आणि ज्याचं नाव त्याने वाळूत पाय ठेवून ओ द्यायची. ओ आली की वाटा पडतो. लागोपाठ दोनदा आली नाही की नाव गळतं, मग तो कोणी का असेना. सासरे वारले तेव्हा मंगेश, म्हणजे माझा नवरा, अजून रांगत होता. त्या वेळच्या तांडेलाने सासऱ्यांचं नाव गाळलं, आणि बाईमाणसाच्या नावाने तर वाटा नव्हताच. आये गेली आणि किनाऱ्यावर उभी राहिली. बोलली नाही, रडली नाही, भांडली तर मुळीच नाही. नुसती उभी. वाटे झाले, लोक घरी गेले, भरती आली, पाणी घोट्यांवर चढलं, ही आपली उभीच. शेवटी तो तांडेल घरून उलटा आला, आपल्यातले ओंजळभर तारले मासे तिच्या पायांजवळ टाकले आणि म्हणाला, "काशीबाई, ओ दी." तिने ओ दिली. तेव्हापासून रापणीत काशीबाई हे नाव पुकारलं जातं. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ऐकली आणि आजतागायत ऐकतेय. दर वेळी पाणी थोडं वर चढतं. गेल्या शिमग्याला कमरेपर्यंत आलं होतं. पण ती उभी राहिली होती यात कोणाला शंका नाही. गावात आजही एखादी पोरगी हट्टाला पेटली की म्हणतात, "काशीबाई झाली गो ही." आणि त्या काशीबाईचे गुडघे गेल्या पावसाळ्यात बसले. ओट्यावरून घरात, घरातून ओट्यावर, एवढंच. वाळूत पाय रुतला की तो काढायला दुसरा पाय पुरत नाही. खुर्चीत बसवून नेऊया म्हटलं तर म्हणाली, "मयत काय मी, चार जणांनी उचलून न्हेवक?" म्हणून गाडी. पाण्याच्या रेघेपर्यंत गाडी न्यायची, दार उघडायचं, खाली पाय टेकायचे, ओ द्यायची. पावसाळ्यानंतरची ही पहिलीच रापण, आणि तिची एक ओ हुकली होती. वारं भरलं होतं म्हणून पुढची रापण लांबली, वारं पडलं की भाई होडी पाण्यात घालणार. माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

कुडाळला एका गॅरेजात गेले. मिस्त्रीला सांगितलं, गाडी उचलायची आहे, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाढवून. त्याने चहा मागवला, गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "वयनी, गाडी बरी आसा. म्हाताऱ्या माणसाक कित्याक न्हेतास वाळूत? घराक बसू देत, देवाचा नाव घेवू देत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "देवाचा नाव ती घेयत. तू पान्याचा घे." चहा तसाच ठेवून निघाले. येताना सगळ्या वाटेवर मी त्याच्याशी भांडत होते, आणि कट्टा गावाच्या चढावर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी आता त्याला नाही, स्वतःला सांगतेय. चार बोल्ट आणि एक जॅक. त्यात काय एवढं? मी देवबागच्या होड्या बांधणाऱ्या सुताराची मुलगी. आमच्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे वाळूची पट्टी आणि त्या पट्टीवर बाबांच्या होड्या, एखादी उताणी, एखादी पालथी. भरलेल्या गाडीपेक्षा जड होडी मी फ्रॉक घालायच्या वयात उचललेली आहे. म्हणजे उचलली बाबांनी आणि गड्यांनी, पण पाचर मी सरकवायची. एका बाजूने वासा घालून दाबायचं, बोटभर फट पडली की पाचर, मग दुसऱ्या बाजूने. कोणाला वाटतं जड वस्तू जोराने उचलतात. जड वस्तू फटीफटीने उचलतात. बाबांनी मला कधी शाबास म्हटलं नाही, पण दुसऱ्या कोणाला पाचर लावूही दिली नाही. लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, आता माझी पाचर कोण लावणार, आणि मी ते तेव्हा चेष्टेवारी नेलं. आपला हात जगन्नाथ, मी कट्टा ओलांडताना म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं असणार, कारण शेजारून जाणारा मोटरसायकलवाला वळून बघत होता.

आधी गाडीचं दुखणं कुठे आहे ते बघायला हवं. सगळे म्हणाले मागचा गोळा आपटतो, चाकांच्या मधला. मंगेशही तेच म्हणाला. तो जहाजावर इंजीनखोलीत आहे, कुठल्या दर्यात असतो ते त्यालाच विचारावं लागतं, आणि फोनवर त्याचा चेहरा दिसला की मागे कायम एक पाइप दिसतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते जहाजावरच्या नवऱ्याकडून शिकावं. "गोळो आसतलो," तो म्हणाला. "आसतलो म्हणजे? तुमी बघितलास?" मी विचारलं. होडीला फळी बसवताना बाबा फळीच्या कडेला काव लावायचे, तांबडी, ओली. फळी दाबून धरायची आणि काढायची. जिथे तांबडं उमटलं तिथे उंच आहे, तिथेच रंधा मारायचा, बाकी फळीला हात लावायचा नाही. मी घरातली तुळशीला लावायची काव वाटीत कालवली, बनात गेले आणि त्या लादीच्या कडेला जाड थर दिला. मग रिकामी गाडी हळूच तिच्यावर घातली, ढण्ण ऐकलं आणि मागे घेतली. घरी येऊन गाडीखाली सतरंजी अंथरून आत शिरले. गोळा स्वच्छ होता. तांबडं होतं ते पोटाच्या मधे, गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो तिच्यावर, आणि थोडं सायलेन्सरला. मला इतका आनंद झाला की तिथेच उताणी पडून राहिले. गोळा लागत असता तर मोठी चाकं घालण्याशिवाय उपाय नव्हता, कारण पाटे कितीही वाढवा, गोळा चाकांबरोबरच राहतो. पोट मात्र पाट्यांवर असतं. पाटे वर तर पोट वर. किती? लादीची उंची मी एका काठीवर खूण करून आणली होती, ती काठी पोटाशी धरून खुणेपासून बोटं लावली. चार बोटं. वरून आयेचा आवाज आला, "काय गो, गाडयेचा बाळंतपण करतंस काय?" "होय," मी खालून म्हटलं. "चार बोटांचा आसा." तिला काही कळलं नाही, पण ती हसली. पिशवी आली त्या दिवसापासून पहिल्यांदा.

मग मी दिवसभर गाडीच बघायला लागले. मासे विकताना, भात कालवताना, आयेच्या गुडघ्यांना तेल चोळताना डोळ्यांसमोर पोलादाच्या त्या वाकड्या पट्ट्या, एकावर एक, खाली मोठी वर लहान की उलटं, मधून जाणारा बोल्ट, दोन बाजूंनी आवळणारे यू-बोल्ट. पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकेक पाटा वाढवायचा, लोहाराकडून जरा जास्त बाक देऊन घ्यायचा. मागच्या बाजूला पाटा आणि चाकांचा आस यांच्या मधे ठोकळा घालायचा. यू-बोल्ट लांब लागणार. मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले बाप्ये हे करून दाखवत होते, त्यांची भाषा कळत नव्हती, हात कळत होते. बहुतेकांचे हात कच्चे होते. हे मी आयेला म्हटलं तर ती म्हणाली, "तुझे मातर पिकलेले." टोमणा होता की कौतुक, तिच्या बाबतीत सांगता येत नाही. आणि मधूनच, तेल चोळताना, हात थांबायचा: वारं पडलं तर? ओट्यापुढची माडाची झावळं मी सारखी बघायची, हलतायत ना. आयुष्यात कोळ्याच्या घरात कोणी वारं थांबू नये म्हणून देवाला सांगितलं नसेल, ते मी सांगत होते. आणि अजून एक गोष्ट टोचायची. हे मी कोणासाठी करतेय? आयेच्या नावासाठी, की दोराने ओढली गेलेली गाडी माझी होती म्हणून? तो "मोठो मासो" मीच होते ना, सुकाणू माझ्या हातात होतं. तिचं नाव आणि माझं नाक, दोन्ही एकाच दोराला बांधून मागे खेचलं होतं. मी खूप विचार केला आणि ठरवलं, असू दे दोन्ही. नाक नसतं तर मी कुडाळच्या मिस्त्रीचा चहा पिऊन परत आले असते. आयेला जर कोणी विचारलं असतं की तू त्या भरतीत कोणासाठी उभी राहिलीस, पोरासाठी की हट्टासाठी, तर तिने विचारणाऱ्याला कोयता दाखवला असता.

ठोकळे मी लाकडाचे केले. हसायचं असेल त्यांनी आताच हसून घ्यावं. बाबा म्हणायचे, लोखंड खारात सडता, लाकूड खारात पिकता, आणि मी ते वाक्य आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. आमच्याकडे लोखंडावर कोणी विश्वास टाकत नाही. घराच्या खिडक्यांचे गज बघा, गेटाची कडी बघा, खाऱ्या वाऱ्याने पापडासारखी सुटते. पण बाबांच्या हातची ऐनाची होडी अजून देवबागच्या खाडीत पर्यटकांना फिरवते. ऐनाचा एक तुकडा माझ्याकडे होता, काळा, जड, वर्षानुवर्षं सुकलेला. मी तो कापला, तासला, पाटा बसेल अशी खोबण पाडली, बोल्टासाठी भोक पाडलं, माशाचं तेल पाजलं. दोन्ही ठोकळे ओट्यावर उन्हात ठेवले आणि मागे सरून बघितले. सांगते, देवळात ठेवावेत असे झाले होते. आयेने एक हातात घेतला, फिरवून बघितला, वास घेतला, म्हणाली, "बापाचो हात आसा गो तुका." त्या दिवशी मी जमिनीवरून चालत नव्हते. मंगेशचा फोन आला तेव्हा ठोकळे कॅमेऱ्यात येऊ दिले नाहीत. त्याने विचारलं, "पासिंगाक अडावतील तर?" म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. त्याने विचारलं, "ब्रेकाचो पायप पुरात? गाडी वर गेली काय तो तुटात." "बघलंय," मी म्हटलं. बघितला नव्हता. पण तो असा काही बोलला की जणू जगातल्या सगळ्या पाइपांची काळजी त्याच्याकडे सोपवलेली आहे.

गाडी ओट्यापुढे आणली. आधी जॅक, मग दोन्ही बाजूंना टेकू, बाबांच्या पद्धतीने, फणसाच्या जाड ओंडक्यांचे, वर पाचर. टेकू लावल्याशिवाय वजनाखाली शिरायचं नाही, हे आमच्याकडे देवाच्या नावाआधी शिकवतात. आये ओट्यावर पाय लांब करून बसली, तिच्या पुढ्यात पाने लहान-मोठे ओळीने मांडले, मी खालून हात काढायची आणि ती पाना ठेवायची. माशांची पाटी भरायची सवय, वस्तू बघितली की माप कळतं. मी "सतराचा" म्हणायच्या आधी तो हातात पडायचा. जुने यू-बोल्ट गंजाने असे धरले होते की तेल घालून, ठोकून, शिव्या घालून सुटले. शिव्या आयेने घातल्या, माझे हात रिकामे नव्हते. ठोकळा आत सरकवला. बसला, बोटाने सुद्धा हलेना. नवे लांब बोल्ट चढवले, आवळायला घेतले, एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे, आणि शेवटच्या फेऱ्याला आतून बारीक आवाज आला. कट्. फार मोठा नव्हता. काडी मोडल्यासारखा. मी पाना धरून तशीच पडून राहिले, म्हटलं बोल्ट सरकला असेल, मडगार्ड असेल, काहीही असेल. वरून आये म्हणाली, "मोडला." "काय मोडला? कायएक मोडूक नाय." "लाकूड मोडला गो. माका काय आयकाक येणा नाय?" भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. दुसरा बसवून आवळला, तर त्यालाही तीच, त्याच जागी. मी ठोकळे बाहेर काढले आणि अंगणात फेकून दिले, आणि मग जाऊन उचलून आणले. कोणावर रागवायचं तेच कळेना. बाबांवर? बाबांनी आयुष्यात कधी चाकं असलेली वस्तू बांधली नव्हती. होडीला पाणी सगळीकडून उचलतं, पोटाला, कुशीला, सगळ्या फळ्या वजन वाटून घेतात, लाकूड जरा फुगतं, जरा सरकतं, त्याला वाव असतो. गाडीचं सगळं वजन एका तळहाताएवढ्या जागेवर आणि वरून लोखंडाचा फास. तिथे लाकडाने काय करावं? ही चूक देवबागचीच माणसं करू शकतात, असं मला वाटलं, आणि खोटं नाही, त्यातही थोडी ऐट वाटली. मी रडलेही जरा. आयेने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग म्हणाली, "माप बरोबर होता मा?" "होता." "मगे तेच्यासारखा लोखंडाचा कर. लाकूड खराब झाला, माप खराब नाय झाला."

तर ते फुटके ठोकळे फडक्यात बांधून कुडाळच्या एमआयडीसीत गेले, जिथे लोखंड कापून देतात. तिथल्या माणसाने ते टेबलावर ठेवले, कॅलिपर लावला, इकडून मोजलं, तिकडून मोजलं. "मॅडम, डिझाइन कुणाचं आहे?" ऑफिसातली मराठी बोलत होता. "माझं," मी म्हटलं. तोही ऑफिसातलाच शब्द, पण माझ्या तोंडात तेव्हा पेढा होता. त्याने मान डोलावली आणि भोक कुठे पाडायचं ते मला दाखवून पक्कं करून घेतलं. लोखंडाचे ठोकळे मी स्वतः घासले, खाऱ्या वाऱ्यासाठी रंगाचे तीन हात दिले, आणि ते बसले. पुढचे पाटे बसले. गाडी टेकूंवरून खाली घ्यायच्या आधी आतून शेवटची नजर फिरवताना ब्रेकचा रबरी पाइप दिसला. गळाच्या दोरीसारखा ताणलेला, बोट लावलं तर वाजला असता. खाली घेऊन निघाले असते तर पहिल्याच खड्ड्यात तो गेला असता, आणि शेजारी आये. मी तिथेच सतरंजीवर पडल्या पडल्या मंगेशला मनातल्या मनात चार चांगले शब्द बोलले. फोनवर बोलले नाही, डोक्यावर बसेल. लांब पाइप आणून लावला, ब्रेकमधली हवा काढली, त्या कामाला पेडल आयेने दाबलं, ओट्यावरून सीटवर सरकून, काठीने. मग आचऱ्यापर्यंत फेरी मारली, आधी रिकामी, मग बर्फाचे क्रेट भरून. वळणावर जरा डुलते, म्हणून वळणावर मीही जरा शहाणी होते. परत आल्यावर लादीची खूण घेतलेली काठी गाडीखाली धरली. पोट आणि खूण यांच्यामध्ये हवा होती. गाडी चार बोटं आणि वर थोडी उचलली गेली होती. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, गाडी गरम होती, आणि मला अभिमान वाटला. वाटला म्हणजे काय, उतू जात होता. शेवंती कुंपणावरून म्हणाली, "गाडी कशी फुगल्यासारखी दिसता गो." म्हटलं, फुगणारच.

आणि वारं पडलं. झावळं सकाळपासून गप्प होती. भाईने होडी घातली ते आम्हाला आवाजावरून कळलं. आयेने लुगडं बदललं, मोठं कुंकू नव्हतंच कपाळाला, पण केसांत अबोली माळली, कित्येक वर्षांनी. ओट्यावरून ती सरळ सीटवर सरकली, मधे पायरी लागलीच नाही, आणि हे आम्हाला दोघींनाही फार सोयीचं वाटलं. बनाच्या तोंडाशी थांबून मी चारही चाकांतली हवा कमी केली, वाळूसाठी. मग लादी. पुढची चाकं चढली, उतरली. पोट लादीवर आलं. मी त्या आवाजाची वाट बघत होते, पाठीच्या मणक्यांत, दातांत. खालून काहीच वाजलं नाही. मागची चाकं चढली, उतरली, आणि आम्ही वाळूवर होतो, गाडी होडीसारखी हेलकावत होती, समोर जाळं ओढणारे दोन्ही दोरांवरचे लोक वळून बघत होते. कोणीतरी शिट्टी मारली. मी हॉर्न दिला. लांब दिला. वय काय, वागतेस काय, असं कोणी म्हणेल तर म्हणो. ओल्या वाळूच्या रेघेपर्यंत गाडी नेली आणि बंद केली, उतरून पलीकडे जाऊन दार उघडलं आणि बघतच राहिले. आयेचे पाय हवेत लोंबत होते. घरी ओटा होता. इथे ओटा कुठला? एवढा विचार मी सगळ्या बोल्टांचा केला, आणि माणूस उतरणार कसा याचा दोघींपैकी एकीनेही केला नव्हता. आये खाली बघून म्हणाली, "तू चार बोटा म्हणालस. ही माका चार हात दिसतत." मागून मासळीचा क्रेट काढला, पालथा घातला, ती माझा खांदा धरून त्याच्यावर उतरली, मग वाळूवर. एक पाय. दुसरा पाय. रुतले, आणि ती उभी राहिली. तिची बोटं माझ्या दंडात अशी रुतली होती की दुसऱ्या दिवशी निळं झालं.

जाळं आलं, बांगड्यांनी भरून. भाई तांडेलाने घमेली मांडली आणि नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक ओ, एकेक वाटा. मी आयेला धरून उभी होते आणि मला दर नावाला धडधडत होतं, शाळेत हजेरीला व्हायचं तसं. भाईने आमच्याकडे बघितलं, हसला, छाती भरून आवाज लावला. "काशीबाई!" ओ आली नाही. मला वाटलं तिला दम लागलाय. मी तिचा हात दाबला. भाईने पुन्हा पुकारलं. सगळे आमच्याकडे बघायला लागले. आये म्हणाली, सावकाश, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तां नाव आता फुरो. सत्यवती म्हण." "काकी?" भाईला कळेना. "तू हय उभी आसस मगे." "उभी आसंय म्हणानच सांगतंय. ओट्यार बसान सांगलंय आसतंय तर तुमी मानलास आसतास? म्हातारी बडबडता म्हणालास आसतास. वाळूत पाय आसत माझे. आता सांगतंय. माझो वाटो सुनेच्या नावार घाल." लाटेचं पाणी येऊन तिच्या पायांवरून गेलं आणि वाळू जरा सरकली.

म्हातारीने मला फसवलं. सगळे दिवस मी त्या गाडीखाली पडून तिचं नाव राखत होते, आणि ही वर बसून, हातात पाने देत, ते सोडायची तयारी करत होती. मला ते नाव नको होतं. मला काशीबाई हे नाव ऐकायचं होतं, भाईच्या तोंडून, अजून दहा वर्षं, वीस वर्षं. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत नव्हती, भाईकडे बघत होती, हनुवटी वर करून, आणि तिचे गुडघे थरथरत होते ते फक्त मला कळत होतं. भाईने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग समुद्राकडे तोंड करून त्याने पुकारलं, "सत्यवती!"

मी आयेच्या वाळूतल्या पायांकडे बघितलं. ओ दिली की तिचं नाव संपलं, न दिली तर दोघींचं. आयेने कोपराने मला ढोसलं.

"ओ दी गो," ती म्हणाली. "पाय दुखतत माझे."

मी ओ दिली.